होरेशियोच्या हातातला पेला

आमच्या हौशी ग्रुपने शेक्सपिअरचं ‘हॅम्लेट’ करायचं ठरवलं तेव्हा मला अर्थातच डेन्मार्कचा युवराज, म्हणजे हॅम्लेट, हवा होता. मिळाला त्याचा मित्र होरेशियो. दिग्दर्शक म्हणाले, “तुला ऐकता येतं.” मला तो टोमणा वाटला. संहितेत माझ्या वाक्यांवर पिवळा मार्कर फिरवला, तर पानंच्या पानं कोरी.

मत बदललं ते तिसऱ्या अंकाच्या तालमीत. राजवाड्यात खेळ सुरू व्हायच्या आधी हॅम्लेट होरेशियोला बाजूला घेतो आणि त्याचं तोंड भरून कौतुक करतो. नशिबाने मारलं काय, गोंजारलं काय, तू दोन्ही सारखंच घेतोस. विकारांचा गुलाम नसलेला माणूस मी काळजात जपून ठेवीन. होरेशियो मध्ये बोलायला जातो, तर त्याला बोलूच देत नाही. मग स्वतःच अवघडून म्हणतो, जाऊ दे, जरा फारच झालं. आणि लगेच काम सांगतो: वडिलांचा खून केल्याचा ज्याच्यावर संशय आहे आणि जो आईशी लग्न करून राजा झालाय, त्या काकाच्या चेहऱ्यावरून नजर हलवू नकोस. एवढ्या लांबलचक स्तुतीवर होरेशियोचं उत्तर काय, तर “ठीक आहे, युवराज” आणि वर एक छोटीशी थट्टा.

कौतुक चालू असताना मी बघायचं कुठे, हेच कळेना. खाली बघितलं तर लाजल्यासारखं दिसायचं, त्याच्याकडे बघितलं तर हावरटासारखं. शेवटी एका तालमीत मी काकाच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. दिग्दर्शक काही बोलले नाहीत, म्हणजे जमलं.

रोझेनक्रान्ट्झ आणि गिल्डनस्टर्न हेही हॅम्लेटचे मित्र, अगदी लहानपणापासूनचे; पण राजाने त्याच्यावर नजर ठेवायला बोलावलेले. “तुम्हाला बोलावून घेतलंय ना?” असं हॅम्लेट विचारतो, तेव्हा दोघं उत्तराआधी एकमेकांचा अंदाज घेतात. संपलं तिथेच. उलट होरेशियो विटेनबर्गच्या विद्यापीठातून येतो आणि म्हणतो, तुमच्या वडिलांच्या अंत्यविधीला आलो. हॅम्लेट फटकारतो, आईच्या लग्नाला आला असशील. त्यावर होरेशियो सारवासारव करत नाही. “खरंय, ते पाठोपाठच झालं.” एल्सिनोरच्या त्या राजवाड्यात इतकं साधं खरं बोलणारं दुसरं कोण आहे?

एक राग मात्र अजून आहे. हॅम्लेटचं जिच्यावर प्रेम होतं त्या ऑफेलियाचं वेड होरेशियोने डोळ्यांनी पाहिलेलं असतं. तरी हॅम्लेट परत आल्यावर त्याच्या कानावर घातल्याचं नाटकात कुठे दिसत नाही. त्याला कळतं ते थेट स्मशानात, तिच्यासाठी खणलेल्या खड्ड्याच्या काठावर. मी दिग्दर्शकांना विचारलं, हा का गप्प बसतो? ते म्हणाले, तुला सांगायला जमलं असतं? मी विषय बदलला.

शेवटच्या तलवारीच्या द्वंद्वाच्या आधीचं होरेशियोचं वाक्य माझं सगळ्यात आवडतं. मन कच खात असेल तर मनाचं ऐका. तुम्हाला बरं नाही म्हणून मी सांगतो त्यांना. मित्र वाचावा म्हणून हा सरळ माणूस खोटं बोलायला तयार होतो! हॅम्लेट ऐकत नाही.

मग शेवट. विषारी तलवारीच्या जखमेने हॅम्लेट मरायला टेकलेला, त्याच्यासाठीच ठेवलेल्या पेल्यात थोडं विष उरलेलं असतं आणि होरेशियोला ते प्यायचं असतं. मरणाऱ्या हॅम्लेटने पेला हिसकावून घ्यायचा. तालमीत आमचा हॅम्लेट अंगात जीव नसल्यासारखा ओढायचा आणि मी सौजन्याने सोडून द्यायचो. दिग्दर्शक वैतागले. “सोडू नकोस. तुला खरंच मरायचंय.” त्या दिवशी मी धरून ठेवला, त्याने दोन्ही हातांनी पिळवटून काढला, माझं नख मोडलं. आणि धापा टाकतच तो म्हणाला, अजून थोडे दिवस या जगात श्वास घे, माझी गोष्ट सांगायला.

तो गेल्यावर होरेशियोला शोक करायला मोजून दोन ओळी आहेत. तिसरी ओळ यायच्या आत बाहेर नॉर्वेचा युवराज फोर्टिनब्रास याचे नगारे वाजतात. प्रत्येक प्रयोगात, मांडीवर हॅम्लेटचं डोकं तसंच ठेवून, मला दरवाज्याकडे बघून विचारावं लागायचं: हे नगारे इकडे कशाला येतायत?