तीसेक एमबीचा गेम, दीड जीबीची फाइल

अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात मी जुन्या व्हिडिओ गेम्सचं दप्तर सांभाळतो. डिस्क खराब व्हायच्या आत तिची हुबेहूब इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची एक फाइल, काढून ठेवायची, हे काम. (आईला अजून वाटतं मी पुस्तकं लावतो.) एका सकाळी सर्व्हरवाल्यांनी तंबी दिली, जागा संपत आलीय. विभागप्रमुख म्हणाल्या, "सगळं झिप करून टाका ना!"

प्लेस्टेशनच्या सीडींचं भागलं. 2352 बाइटच्या सेक्टरमध्ये (सीडीवरच्या एका तुकड्यात) बहुतेक ठिकाणी गेमचा डेटा 2048 बाइटच असतो; चूक दुरुस्तीचे बाइट गणिताने पुन्हा काढता येतात. डिस्क इमेज आवळून ठेवणारा सीएचडी फॉरमॅट ते वगळतो. स्क्रिप्ट लावली नि मोकळा झालो.

घोडं अडलं निन्टेन्डोच्या गेमक्यूब कन्सोलपाशी. हाताखालच्या पोराने 'अ‍ॅनिमल क्रॉसिंग'ची इमेज आवळायला सेव्हन-झिप या प्रोग्रॅमला दिली होती. आत 1,45,99,78,240 बाइट, बाहेर जवळपास तेवढेच. त्याला वाटलं, डिस्कच बिघडलीय. पण हा गेम मुळात त्याआधीच्या निन्टेन्डो 64 कन्सोलचा. इतका लहान, की पूर्ण मेमरीत चढतो आणि खेळताना डिस्क काढून घेतली तरी चालतो. मग उरलेली डिस्क कशाने भरली?

फाइलमधला एकेक बाइट दाखवणाऱ्या हेक्स एडिटरमध्ये फाइल उघडली. रिकाम्या जागेत शून्यं दिसतील असा अंदाज होता. दिसली ती पानंच्या पानं भरून अगम्य आकड्यांची खिचडी. त्यात एकही गोष्ट पुन्हा येत नाही, आणि पुन्हा येत नाही ते आवळता येत नाही. झिप बिचारं काय करणार?

गंमत अशी की ही खिचडी खरी यादृच्छिक नाही. ठरलेलं सूत्र गेमचा आयडी, डिस्क क्रमांक नि डिस्कवरची जागा घेऊन ती तयार करतं. गेमक्यूबचे गेम संगणकावर चालवणाऱ्या डॉल्फिन एम्युलेटरने 2020 मध्ये आणलेला आरव्हीझेड फॉरमॅट हेच हेरतो: या कचऱ्याऐवजी तो पुन्हा तयार करता येईल असं 68 बाइटचं बीज लिहून ठेवतो आणि खरा डेटा झेडस्टँडर्ड या पद्धतीने आवळतो. आमची फाइल शंभर एमबीच्या पुष्कळ आत आली. पोरगा "अरे!" म्हणून थांबला. मी मात्र आधी ती उलटी फिरवून पुन्हा आयएसओ, म्हणजे न आवळलेली इमेज, केली आणि एसएचए-1 (फाइलमधून गणिताने काढलेला तिचा ठसा) ताडून पाहिला. जुळला. तोवर मूळ फाइल पुसायची नाही, हा आमच्याकडचा दंडक.

दुपारी देणगीत आलेली एक हार्ड डिस्क हाती घेतली. त्यातल्या इमेजेस कुणीतरी आधीच 'स्क्रब' केलेल्या, म्हणजे कचऱ्याच्या जागी सरळ शून्यं. झिप झकास होतात, गेमही चालतो. "मग बिघडलं कुठे?" विभागप्रमुखांचा प्रश्न. बिघडलं हे, की ती आता डिस्कची प्रत राहिली नाही. मूळ डिस्कांच्या नोंदी ठेवणाऱ्या रिडम्प प्रकल्पाच्या यादीतल्या एसएचए-1शी ताडायला गेलं की फसते. घरी खेळणाऱ्याने खुशाल स्क्रब करावं, ग्रंथालयाने नाही.

पण सूत्र ठाऊक असेल तर पुसलेला कचराही परत आणता येतो. एनकिट नावाचं साधन तेच करतं. संध्याकाळपर्यंत बऱ्याच इमेजेस पुन्हा मूळ एसएचए-1वर आल्या. काही आल्या नाहीत. त्यांच्यात शून्यांखेरीज आणखीही कुणाचा हात फिरला असावा. त्या 'संशयित' नावाच्या फोल्डरमध्ये टाकल्या आणि देणगीदाराला मेल लिहिला: मूळ डिस्क अजून आहेत का?