गंगावतरणाच्या शोधात : चिदंबरम ते तंजावर, एका नर्तकीचा प्रवास

गेले वर्षभर मी गंगावतरणावर एक एकल रचना भरतनाट्यमात बसवत होते आणि ती एकाच जागी अडली होती. भगीरथाची तपश्चर्या, शंकराने मोकळ्या सोडलेल्या जटा हे प्रसंग अभिनयातून नीट उभे राहत. मात्र गंगा प्रत्यक्ष उतरते तो क्षण आला की माझे हात वरून खाली लहरत येत, आणि दर तालमीला ते अधिकच सरधोपट वाटू लागे. नाट्यशास्त्राच्या चौथ्या अध्यायात १०८ करणे, म्हणजे हात आणि पाय यांच्या एकत्रित चाली, सांगितली आहेत आणि त्यांतल्या शेवटच्या करणाचे नावच गंगावतरण आहे. चिदंबरमच्या नटराज मंदिराच्या गोपुरांत, म्हणजे प्रवेशद्वारांवरच्या उंच मनोऱ्यांत, ही करणे कोरलेली असल्याने मी जानेवारीच्या अखेरीस सात दिवसांचा प्रवास आखला : चिदंबरमला तीन दिवस, कुंभकोणमला दोन आणि तंजावरला दोन.

ही तिन्ही गावे एकाच रेल्वेमार्गावर असल्याने चेन्नईहून निघून क्रमाने उतरत जाणे सोयीचे पडते. ऑक्टोबर ते डिसेंबर हा तिकडे ईशान्य मोसमी पावसाचा काळ असतो, तेव्हा तो टाळावा. महाशिवरात्रीच्या सुमारास चिदंबरमला नाट्यांजली महोत्सव भरतो. नृत्य पाहायचे असेल तर त्या दिवसांत अवश्य जावे, परंतु शिल्पांपुढे निवांत उभे राहायचे असेल तर तेव्हा जाऊ नये.

चिदंबरमला चार दिशांना चार गोपुरे आहेत आणि त्यांच्या प्रवेशमार्गांच्या दोन्ही बाजूंच्या भित्तिस्तंभांवर एकावर एक अशा चौकटींतून नर्तकी कोरलेल्या आहेत. पूर्व गोपुरातील चौकटींबरोबर नाट्यशास्त्रातील त्या त्या करणाचे श्लोक ‘ग्रंथ’ नावाच्या जुन्या दक्षिणी लिपीत कोरलेले असल्याने अभ्यासासाठी तेच सर्वांत उपयोगी आहे. मी जाण्यापूर्वी निवडक बारा करणांचे श्लोक वहीत उतरवून घेतले होते आणि प्रत्येकाचे पहिले दोन शब्द ग्रंथ लिपीतही लिहून ठेवले होते. ही तयारी नसती तर त्या गर्दीतून हवे ते करण शोधणे मला जमलेच नसते. बरोबर एक विजेरी आणि लहान दुर्बीण असावी, कारण मार्ग अंधारा आहे आणि वरच्या चौकटी मान दुखेपर्यंत वर पाहूनही नीट दिसत नाहीत. पहाटे, सूर्य वर यायच्या सुमारास पूर्व गोपुरात तिरपा उजेड शिरतो. त्या तासाभरात गुडघ्यांचे वळण, कमरेचा झोक आणि पावलांची ठेवण जितकी स्पष्ट दिसते तितकी नंतर दिसत नाही. हा भाविकांच्या वाटेचा भाग आहे, हे लक्षात ठेवून भिंतीला लागून उभे राहावे, छायाचित्रे काढण्याआधी विचारावे आणि पारंपरिक वेशात जावे. मंदिर दुपारी काही तास बंद असते. तोवर फरशीही इतकी तापते की अनवाणी उभे राहवत नाही.

पहिल्या दिवशी मी घाईघाईने चाळीसएक चौकटी पाहिल्या आणि संध्याकाळी खोलीवर येऊन वही उघडली तेव्हा त्यांतली एकही शरीरात उतरली नव्हती. ही चूक माझ्यानंतर जाणाऱ्यांनी करू नये असे मला मनापासून वाटते. करण म्हणजे नुसती मुद्रा किंवा स्थिती नव्हे. हात आणि पाय यांच्या एकत्रित क्रियेला शास्त्रात करण म्हटले आहे, म्हणजे ती चाल आहे, आणि शिल्पकाराने तिच्यातला एकच क्षण दगडात धरलेला आहे. म्हणून दुसऱ्या दिवसापासून मी दिवसाला तीनच चौकटी घ्यायच्या असे ठरवले. प्रत्येकीपुढे अर्धा तास उभे राहायचे, वहीत काड्यांची आकृती काढायची, वजन कोणत्या पायावर आहे ते आधी नोंदवायचे आणि मग दोनच प्रश्न लिहायचे : ही इथे कुठून आली, आणि आता कुठे जाईल? भुजंगत्रासितात, पायाशी साप दिसल्यासारखा, पाय झटकन वर येतो आणि मांडी तिरपी वळते. ते चित्र मी शिकत असल्यापासून पाहिले होते. पण उचललेल्या पायाइतकीच उभ्या पायाच्या गुडघ्यातही ती दचक आहे, हे मला तिथे उभी राहिल्यावर कळले.

गंगावतरण तिसऱ्या दिवशी सापडले. श्लोकात सांगितल्याप्रमाणे पावलाचा तळवा आणि बोटे वर वळलेली, दोन्ही हात त्रिपताकात (अनामिका दुमडलेल्या हस्तमुद्रेत) खाली झुकलेले आणि मस्तक नमलेले. विजेरीचा झोत मी आधी हातांवर टाकला, कारण माझा सगळा शोध हातांचाच होता. मग तो पावलावर नेला आणि माझा श्वास क्षणभर अडकला. गंगा विष्णूच्या पावलातून निघाली ही कथा मला लहानपणापासून ठाऊक होती, तरी वर्षभर मी तिला बोटांच्या टोकांतून उतरवत होते. इथे वर वळलेला तळवा हेच तिचे उगमस्थान असावे, खाली झुकलेले हात म्हणजे धार, आणि नमलेले मस्तक म्हणजे ती झेलणारा शिव. शास्त्रकाराच्या मनात नेमके हेच होते असा माझा दावा नाही. नर्तकी म्हणून मला ते तसे दिसले. त्या रात्री खोलीतल्या पलंगाच्या कठड्याला धरून मी पाऊल मागून वर वळवायचा सराव केला. तालीम नेहमी अशी मुक्कामीच करावी. मंदिराच्या आवारात अंगविक्षेप करू नयेत. थंड स्नायूंनी हे करण मुळीच करू नये, पाठीला आणि मांडीमागच्या शिरांना इजा होऊ शकते.

कुंभकोणमच्या सारंगपाणी मंदिराच्या पूर्व गोपुरावरही करणे आहेत. ती बाहेरच्या अंगाला असल्याने उजेड भरपूर मिळतो आणि तेच करण चिदंबरमच्या चौकटीशी ताडून पाहता येते. तिथून चारेक किलोमीटरवरच्या दारासुरमच्या ऐरावतेश्वर मंदिरासाठी एक सकाळ राखून ठेवावी; बाराव्या शतकातल्या त्या मंडपाच्या खांबांवरील बोटभर नर्तकी पाहायला भिंगच हवे.

तंजावरला मराठी नर्तकीने किमान दोन दिवस द्यावेत. बृहदीश्वर मंदिर राजराज चोळाने बांधले आणि १०१० च्या सुमारास ते पूर्ण झाले. त्याच्या भिंतींवरील लेखात मंदिराच्या सेवेसाठी आणून वसवलेल्या ४०० नर्तकींची नोंद आहे : प्रत्येकीचे नाव, ती कोणत्या देवळातून आली आणि कोणत्या रस्त्याच्या कोणत्या रांगेतले कितवे घर तिचे. माझ्या आधी कितीजणी या विद्येवर जगल्या हे असे घरांच्या क्रमांकानिशी समोर आले तेव्हा मला बराच वेळ तिथून हलवेना. त्याच आवारात सरफोजीराजांनी १८०३ मध्ये कोरवलेला भोसले वंशाचा मराठी लेखही आहे. देवनागरी अक्षरे लावत तो आपल्याला वाचता येतो. सरफोजींनी नृत्यासाठी मराठीत निरूपणे रचली, आणि आज आपण नाचतो तो मार्गम्, म्हणजे भरतनाट्यमच्या कार्यक्रमातला रचनांचा ठरलेला क्रम, आकाराला आणणारे चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चौघे बंधू त्यांच्याच दरबारात होते. सरस्वती महाल ग्रंथालयाची ही निरूपणे छापील स्वरूपात आहेत. त्यांतल्या एकात शिव-पार्वतीची एकच कथा अठरा नृत्यप्रकारांतून पुढे जाते, आणि शब्द आपल्या भाषेतले असल्याने अभिनयाला भाषांतराचा अडसर राहत नाही. ग्रंथालयाच्या सुट्टीचा दिवस आधी विचारून मगच तंजावरचे दिवस ठरवावेत.

बृहदीश्वराच्या गर्भगृहाभोवती वरच्या मजल्यावरील मार्गातही करणे कोरलेली आहेत, स्वतः शिव ती करतो आहे अशी. तो मार्ग सर्वांसाठी खुला नसतो, त्यामुळे अभ्यासकांनी पुरातत्त्व खात्याकडे आधी लेखी अर्ज करावा आणि परवानगी मिळेलच असे धरून प्रवास आखू नये. मला वर जाता आले नाही. ज्यांना इतक्या दूर जाणे शक्य नाही त्यांनी साताऱ्याचे उत्तर चिदंबरम नटराज मंदिर पाहावे; तिथली १०८ करणशिल्पे डॉ. पद्मा सुब्रह्मण्यम यांच्या संशोधनावरून घडवलेली आहेत.

तंजावरच्या त्या बंद मार्गात शास्त्रातल्या क्रमाने ८१ करणे कोरून झाली आणि उरलेल्या २७ शिळा कोऱ्याच राहिल्या. गंगावतरण क्रमाने शेवटचे, म्हणजे त्याची शिळाही त्या कोऱ्यांतच असणार. शेवटच्या संध्याकाळी नंदीमंडपाजवळ बसून मी विमानाकडे, म्हणजे गर्भगृहावरच्या शिखराकडे, पाहत राहिले आणि वहीत रचनेचा अडलेला भाग नव्याने लिहिला : पाऊल वर वळते, तळवा आकाशाकडे होतो, आणि हात खाली येण्यापूर्वी मृदंग थांबतो. आदितालाचे एक आवर्तन, आठही मात्रा, काहीही वाजत नाही. परतल्यापासून तालमीत तेवढा वेळ एका पायावर स्थिर उभे राहण्याचाच सराव चालू आहे. सध्या पाचव्या मात्रेपर्यंत तोल टिकतो.