पिवळ्या लाइनवरची दोन घरं

सोमवार, दिल्ली

बाबांना शेवटी दिल्ली दाखवली. तीस वर्षं सातारच्या शाळेत इतिहास शिकवला, १९११चा दिल्ली दरबार फळ्यावर लिहून लिहून त्यांचा खडू झिजला, पण राजधानी कधी पाहिली नव्हती. दरवेळी काही ना काही निघायचं. आता शहात्तरावं सरत आलंय, गुडघे कुरकुरतात, म्हणून या फेब्रुवारीत मी तिकिटं काढूनच त्यांना सांगितलं.

आज कर्तव्यपथ, इंडिया गेट. इंडिया गेटवर तेरा हजारांवर सैनिकांची नावं कोरलेली आहेत, पण ती इतकी उंच की खालून वाचता येत नाहीत. बाबा मान वर करून बराच वेळ उभे होते. पहिल्या महायुद्धात आमच्या जिल्ह्यातल्या एकट्या अपशिंग्याचे ४६ जण गेले, हे त्यांनी प्रत्येक वर्गाला सांगितलेलं. मागच्या छत्रीत आता नेताजींचा काळ्या ग्रॅनाइटचा पुतळा आहे. तिथला पंचम जॉर्ज १९६८मध्ये हलवला आणि पुढे पन्नासहून जास्त वर्षं ती छत्री रिकामीच होती. बाबा म्हणाले, "रिकामी होती तेव्हा बघायला हवी होती."

शेजारच्या राष्ट्रीय युद्धस्मारकात मात्र नावं डोळ्यांच्या उंचीवर आहेत. गोल भिंती, एकेका दगडी विटेवर एकेक नाव. जाधव, शिंदे, पवार दिसले की बाबा थांबायचे, अक्षरांवरून बोट फिरवायचे आणि पुढे जायचे. ऊन उतरेपर्यंत आम्ही तिथेच होतो. लाल किल्ला राहिला.

मंगळवार, रात्री

आजचा दिवस सविस्तर लिहून ठेवायचा आहे.

सकाळी तीस जानेवारी मार्गावर गेलो. गांधी स्मृती, म्हणजे पूर्वीचं बिर्ला हाउस. गांधीजी आयुष्यातले शेवटचे १४४ दिवस इथे राहिले. त्यांची खोली तशीच ठेवली आहे. जमिनीवर पांढरी गादी, लोड, लिहायचं बैठं मेज, चरखा. काठी आणि चष्मा. एवढ्या मोठ्या बंगल्यातली ती एवढीशी मांडामांड बघून मला कसंतरीच झालं.

खोलीतून बाहेर पडलं की पावलं सुरू होतात. शेवटच्या संध्याकाळी ते ज्या वाटेने प्रार्थनेला गेले, त्या वाटेवर त्यांची पावलं सिमेंटमध्ये उठवून ठेवली आहेत. एक डावं, एक उजवं, जमिनीपासून बोटभर उंच. त्या दिवशी सरदार पटेलांशी बोलणं लांबलं आणि पाचच्या प्रार्थनेला उशीर झाला. उशीर त्यांना अजिबात खपत नसे. म्हणजे या वाटेने ते भरभर चालले असणार, हे ती पावलं बघताना एकदम लक्षात आलं. मी मोजत निघाले होते. मध्येच मोजणं सुटलं.

बाबांनी वाटेच्या तोंडाशी चपला काढल्या. काढा असं कुणी सांगितलं नव्हतं. चपला हातात घेऊन ते पावलांच्या कडेकडेने, हिरवळीवरून चालत राहिले. जिथे पावलं संपतात तिथे लहानसा स्तंभ आहे. ५ वाजून १७ मिनिटांनी तीन गोळ्या. पुढे पाऊल नाही.

शेजारी शाळेची सहल होती. एका मुलीने बाईंना विचारलं, "मारनेवाला कहाँ से आया था?" बाई म्हणाल्या, "पूना से." आमच्याकडे कुणी पाहिलंही नाही, पण मी मान खाली घातली. इतिहासाच्या पुस्तकात वाचताना असं झालं नव्हतं. तिथे उभं राहिल्यावर आपल्या बोलीचा, आपल्या मुलखाचा माणूस इतक्या लांब येऊन हे करून गेला, हे अंगावर येतं.

"बाबा, बसता का थोडं?"

"बसू."

एरवी ते "बसायला घरी जागा नाही का?" म्हणाले असते. बाकावर बसून त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. इतक्या वर्षांत ती मी ऐकलीच नव्हती. बाबांचा जन्म १९४८च्या मार्चमधला. गांधीजींना मारल्याची बातमी आली आणि पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरं जळायला लागली. आमच्या गावात आमच्या भिंतीला भिंत लागून असलेला वाडा पेटवला. आग आपल्या घराला धरेल म्हणून आठव्या महिन्याच्या आजीला अंधारात शेतावर नेलं. ती दोन रात्री गोठ्यात होती. "इथे काय झालं, आणि तिकडे आई चिखलातून चालत होती," बाबा म्हणाले. मग चपला पायात घातल्या.

दुपारी मेट्रो. लोककल्याण मार्गावरून पिवळ्या लाइनने नववं स्टेशन सिव्हिल लाइन्स. तिथून जवळच २६, अलीपूर रोड. १९५१मध्ये कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिल्यावर बाबासाहेब इथे राहायला आले आणि ६ डिसेंबर १९५६ला इथेच गेले. आदल्या रात्री ते बुद्धावरच्या आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेवर काम करत होते. आपण सगळे दादरची चैत्यभूमी ओळखतो, कारण अंत्यविधी मुंबईत झाला. पण तो देह जिथून निघाला ती जागा आपल्याकडच्या कितीजणांनी पाहिली असेल?

जुनं घर आता नाही. त्या जागी उघड्या पुस्तकाच्या आकाराचं स्मारक उभं आहे, २०१८मध्ये खुलं झालेलं. इमारत भव्य आहे, माहितीही भरपूर आहे, पण मला त्यांची खोली हवी होती. ते मेज, तो दिवा कुठल्या खिडकीपाशी होता, ते कळायला हवं होतं. सकाळी ती गादी आणि ते लोड पाहिल्यामुळे जास्त जाणवलं. खोली गेली की तिच्या जागी कितीही चांगली इमारत आली तरी माणूस किती वेळ बसला, कसा उठला, हे हाती लागत नाही. जुनी वास्तू जपायला हवी होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

तिथे नागपूरकडचं एक कुटुंब भेटलं. त्यांच्या आजीबाईंनी पुतळ्यासमोर हात जोडले आणि डोकं टेकवून कितीतरी वेळ उठल्याच नाहीत. सुनेने हाक मारली तेव्हा म्हणाल्या, "थांब गं, बोलून घेऊ दे." बाबा माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "आपणही थांबू." त्या उठेपर्यंत आम्ही दाराशी थांबलो.

ट्रॅव्हल कंपन्यांच्या दिल्ली दर्शनात ही दोन्ही घरं घाईत उरकतात, नाहीतर गाळतात. माझं ऐकाल तर कुणी दिल्लीला निघालं की आधी इथे या. किल्ले, मिनार नंतर बघा. राष्ट्रपती भवन बाहेरून बघताना आपण लांबचे वाटतो. इथे नाही वाटत.

बुधवार, पहाटे

रात्री झोपण्याआधी बाबांनी आक्काला फोन लावला. आक्का त्यांची थोरली बहीण, ४८ साली सहा वर्षांची. आता बोलताना मध्येच थांबते. बाबांनी फोन स्पीकरवर टाकला आणि विचारलं, "आक्का, त्या रात्रीचं काय आठवतंय गं तुला?"

पलीकडे बराच वेळ काही नाही. मला वाटलं, लागली हिला झोप.

मग ती म्हणाली, "दूध. आईनं चुलीवर ठेवलेलं दूध तसंच सोडलं. मी म्हणत होते, आई, उतू जाईल. तिनं माझा हात धरला नि मागं बघितलंच नाही."