खाऱ्या टाकीचं गोडं पाणी

"छोटी टाकी म्हणजे सोपी टाकी, असं समजू नकोस," असं मला वर्षानुवर्षं खाऱ्या पाण्यातले मासे पाळणाऱ्या एका परिचित दादांनी पहिल्याच फोनवर बजावलं. पाणी जितकं कमी, तितकं ते लवकर बिघडतं. हे ऐकून मी एक फुटी टाकीचा विचार सोडला आणि 60 सेंमी लांब, 40 रुंद, 40 उंच अशी काच करून घेतली. दगड-वाळू घातल्यावर तिच्यात साधारण 80 लिटर पाणी राहतं. डोंबिवलीच्या आमच्या हॉलमध्ये याहून मोठी मावतही नव्हती. पाणी, काच, वाळू, दगड मिळून वजन सव्वाशे किलोच्या घरात जातं. म्हणून टीव्हीच्या टेबलाचा मोह टाळून लोखंडी स्टँड बनवून घेतला आणि तो भिंतीलगत, खिडकीच्या उन्हापासून लांब ठेवला.

मिठाबद्दल मला सगळ्यांनी विचारलं. सासूबाई मालवणच्या. त्यांचा साधा प्रश्न होता की समुद्र हाकेच्या अंतरावर असताना पाणी विकतच्या मिठाचं कशाला? पण मुंबईच्या किनाऱ्याचं पाणी टाकीत घालण्यासारखं नाही. त्यात सांडपाणी आहे, तेल आहे, आणि पावसाळ्यात नद्यांचं पाणी मिसळलं की त्याचा खारेपणाही घसरतो. स्वयंपाकाचं मीठही चालत नाही. समुद्रात विरघळलेल्या क्षारांपैकी साधारण 85 टक्के सोडियम आणि क्लोराइड असतं हे खरं, पण जीव उरलेल्या भागावर तगतात: मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट, बायकार्बोनेट. म्हणून मत्स्यालयासाठीचं तयार मीठच घ्यायचं. लिटरला 36 ग्रॅमच्या आसपास, म्हणजे माझ्या टाकीला जेमतेम तीन किलो. बादलीत आधी पाणी, त्यात छोटा पंप, मग थोडं थोडं मीठ. कोरड्या मिठावर पाणी ओतलं तर कॅल्शियम साका होऊन तळाशी बसतं. दिवसभर ढवळून झालं की रिफ्रॅक्टोमीटरच्या, म्हणजे खारेपणा मोजणाऱ्या यंत्राच्या, काचेवर दोन थेंब ठेवून बघायचं: 35 भाग प्रति हजार, सापेक्ष घनता 1.026. मात्र ते यंत्र आधी 35 च्या प्रमाणित द्रावणानं जुळवून घ्यायचं, नाहीतर पुढचा प्रत्येक आकडा चुकतो.

मिठाचं प्रकरण इथेच संपलं. खरं काम गोड्या पाण्याचं निघालं, आणि हे मला कुणी इतक्या स्पष्टपणे सांगितलं नव्हतं.

टाकीतून रोज पाणी उडतं. उडतं ते नुसतं पाणी, मीठ मागेच राहतं. माझ्या टाकीतून दोन लिटर उडालं की 35 चा खारेपणा जवळपास 36 वर जातो. चार दिवस दुर्लक्ष केलं तर गोगलगाई पाय आखडून घेतात. म्हणून रोज भर घालायची ती गोड्या पाण्याची, तीही शुद्ध. नळाच्या पाण्यात सिलिकेट, फॉस्फेट जे काही असेल ते दर भरीबरोबर टाकीत जातं आणि साठत राहतं, कारण ते उडून जात नाही.

घरात आरओ होताच. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर बुडवला तर आकडा 60! आपल्याकडच्या घरगुती आरओमध्ये चवीसाठी मेम्ब्रेनमधून, म्हणजे क्षार अडवणाऱ्या पडद्यातून, न गेलेलं थोडं पाणी परत मिसळायची सोय असते. पिण्यासाठी ते ठीक, टाकीसाठी नाही. तंत्रज्ञाला बोलावून मेम्ब्रेनमधून थेट बाहेर पडणाऱ्या पाण्याची वेगळी नळी काढून घेतली आणि तिच्यापुढे उरलेसुरले क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिनच्या मण्यांचं नळकांडं जोडलं. मीटरवर शून्य दिसलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला. रेझिनचा रंग बदलत वर चढतो, त्यावरून ते कधी संपणार हे कळतं. आरओतून वाया जाणारं पाणी फरशीला आणि बाल्कनीतल्या कुंड्यांना वापरते. ते बरंच असतं, आधीच बादल्यांची तयारी ठेवा.

आता दगडांचं. जुन्या माहितीत सगळीकडे 'लाइव्ह रॉक' म्हणजे समुद्रातला जिवंत सूक्ष्मजीवांनी भरलेला दगड घ्या, असं लिहिलेलं असतं. भारतात हे करू नये. कठीण प्रवाळ, काळं प्रवाळ, समुद्रपंखे, समुद्री घोडे, समुद्रकाकडी हे सगळे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत, 2001 पासून. मेलेल्या प्रवाळाचा सांगाडाही त्यातून सुटत नाही. दुकानात कुणी 'सगळे ठेवतात, काही होत नाही' म्हणालं तरी घेऊ नये, आणि यामागे फक्त दंडाची भीती नसावी. मालवणच्या सागरी अभयारण्यात, ते 1987 चं, मी स्वतः पाण्याखाली प्रवाळ पाहिलं आहे. एका मुठीएवढ्या तुकड्याला वाढायला किती वर्षं लागतात हे ठाऊक असताना तो फोडून आणलेला तुकडा हॉलमध्ये ठेवायला मन धजत नाही. मी सच्छिद्र सिरॅमिकचे दगड घेतले. सुरुवातीला ते पांढरेफटक, अगदी बाथरूमच्या टाइल्ससारखे दिसतात. काही महिन्यांत जांभळट-हिरवे होतात.

या दगडांच्या छिद्रांतच पुढचं सगळं घडतं. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो, तो माशांना जाळतो. जिवाणूंचा एक गट त्याचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट थोडं असलं तर मासे सहन करतात, आणि पाणी बदललं की ते कमी होतं. पण हे जिवाणू वसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. दुकानदार काकांनी 'दोन डॅमसेल मासे सोडा, तेच टाकी तयार करतील' असा सल्ला दिला होता. डॅमसेल चिवट असतात म्हणून त्यांना अमोनियात लोटायचं, हे मला पटलं नाही. शिवाय नंतर तेच मासे टाकीवर सत्ता गाजवतात आणि नवीन माशाला टिकू देत नाहीत. मी जिवाणूंची बाटली आणली, अमोनियम क्लोराइड मोजून घातलं आणि अमोनिया 2 पीपीएमवर (दहा लाखात दोन भाग) नेऊन ठेवला. मग रोज परीक्षानळीत रंग बघायचे. अमोनियाचा रंग पिवळा, म्हणजे शून्याकडे, होत गेला, मग नायट्राइट जांभळं चढलं आणि तिथेच अडून बसलं.

हा काळ घरच्यांना अवघड गेला. "पाणी भरलंस, पण मासे खंय आसत?" सासूबाई रोज विचारायच्या. मुलीला निळा टँग मासा हवा होता. तो 30 सेंमीपर्यंत वाढतो, त्याला पोहायला खूप मोठी टाकी लागते, हे तिला फूटपट्टी दाखवून समजावलं. तिनंच मग परीक्षानळ्यांचे आकडे वहीत लिहायचं काम घेतलं. 2 पीपीएम अमोनिया घातल्यावर दुसऱ्या दिवशी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य, तेव्हा टाकी तयार. मग वाळूवर तपकिरी थर आला. ते डायटम, म्हणजे सूक्ष्म शैवाल. नव्या टाकीत येतात आणि आपोआप ओसरतात. त्यावर औषध घालू नये.

पहिल्या आल्या टर्बो गोगलगाई, नंतर क्लाऊनफिशची जोडी. मासे मी प्रजनन केंद्रात वाढवलेलेच घ्यायचं ठरवलं होतं. तामिळनाडूतल्या मंडपमला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं क्लाऊनफिशची पैदास कधीच साध्य केली आहे, आणि आपल्या ऐरोलीतही कांदळवन प्रतिष्ठानच्या केंद्रात हे काम चालतं. असे मासे दाणे लगेच खातात आणि समुद्रातलं कुणी कमी होत नाही. एक मोठा, एक लहान असे घ्यावेत. क्लाऊनफिश सगळे नर म्हणूनच वाढतात, जोडीतला दांडगा पुढे मादी होतो. आकारात फरक असला की भांडण लवकर मिटतं. समुद्रफुलाशिवायही ते मजेत राहतात.

नवीन मासा पिशवीतून टाकीत थेट सोडायचा नाही. पिशवीतल्या पाण्यासकट त्याला बादलीत ठेवायचं आणि हवेच्या नळीला गाठ मारून टाकीचं पाणी थेंबथेंब त्या बादलीत पडू द्यायचं, तासभर. पिशवीतलं पाणी टाकीत ओतायचं नाही.

मे महिन्यात खोलीचं तापमान 33 वर गेलं. पाणी थंड करणारा चिलर माझ्या सगळ्या सामानाहून महाग होता. पाण्यावर तिरका छोटा पंखा लावला, काचेचं झाकण काढून जाळी घातली, दिवे दुपारऐवजी संध्याकाळी पाच ते अकरा ठेवले. पुण्यात पंख्यानं पाणी जास्त थंड होत असेल. आमच्याकडची हवा दमट, त्यामुळे 28 च्या खाली क्वचितच जातं. क्लाऊनफिशना तेवढं चालतं. पंख्यामुळे बाष्पीभवन वाढलं आणि पुन्हा गोड्या पाण्याचाच फेरा. शेवटी पातळी ओळखून आपोआप भर घालणारा पंप घेतला. सुरुवातीलाच घ्यावा, असं नवीन माणसाला मी आवर्जून सांगते. दिव्याआधी घ्या.

विजेचं एक सांगायलाच हवं. खारं पाणी शिंतडून वायरींवर मिठाचे पापुद्रे धरतात. प्रत्येक वायर प्लगच्या खाली लोंबेल अशी ठेवायची, म्हणजे थेंब प्लगपर्यंत पोचत नाही, आणि घरात ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, हवाच. वीज गेल्यावर लाटा करणारा पंप तेवढा इन्व्हर्टरवर चालतो. पाणी हललं तरच त्यात प्राणवायू मिसळतो.

गणपतीला आम्ही सगळे मालवणला जातो. यंदा शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला किल्ली दिली, रोजच्या खाण्याच्या पुड्या वार लिहून ठेवल्या आणि वीस लिटरचा कॅन शुद्ध पाण्यानं भरून पंपाला जोडला. परतल्यावर आधी पाणी तपासलं. खारेपणा 35, तापमान 27, अमोनिया शून्य. मुलीनं आकडे वहीत उतरवले, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी क्लीनर कोळंबीची चौकशी करायला निघालो.