बाहेर उणे 31, बिनमध्ये 24

कॅनडातल्या सॅस्कॅचेवान प्रांताच्या सपाट मुलखात, रेल्वेलाइनीला लागून आमचं धान्याचं एलिव्हेटर, म्हणजे धान्य वर चढवून साठवायचं कोठार आहे. काँक्रीटची उंच गोल बिनं, म्हणजे धान्याच्या कोठ्या, आणि प्रत्येकात छतापासून लोंबणाऱ्या तापमानाच्या केबल्स. रात्रपाळीला आलो की मी आधी या केबल्सचे आकडे बघतो. जानेवारीतल्या त्या रात्री बाहेर उणे 31 होतं. कॅनोलाच्या एका बिनमध्ये भिंतीकडचे आकडे पाच-सहा अंशांवर, आणि मधल्या केबलचा वरून दुसरा सेन्सर 24 वर. आठवड्यापूर्वी तिथेच 11 होते.

कॅनोला मोहरीच्याच कुळातलं. दाणा बारीक, त्यात चाळीस टक्क्यांहून जास्त तेल. कापणीनंतरही हे बी श्वास घेतच असतं. थंडीत भिंतीजवळची हवा गार होऊन खाली बसते, मधली उबदार हवा वर चढते आणि ओल सोबत नेते. ती ओल माथ्याशी, मधोमध साचते. तिथे बुरशी धरते, बुरशीने उष्णता वाढते, आणि एवढ्या बारीक दाण्यांच्या गच्च राशीतून ती बाहेर पडत नाही. अंगणात बर्फ असताना आत धान्य पेटू शकतं, हे इथे येईपर्यंत मला खरं वाटलं नसतं.

उपाय म्हणजे ‘टर्निंग’. तळातून धान्य काढायचं, पट्ट्यावरून लेगच्या पायथ्याशी न्यायचं, वर चढवायचं आणि दुसऱ्या बिनमध्ये सोडायचं. वाटेत गार हवा लागते, गरम जागा मोडते. लेग म्हणजे ओळीने बादल्या बसवलेला उभा पट्टा. 1842 साली बफेलो बंदरात जोसेफ डार्टने अभियंता रॉबर्ट डनबरच्या मदतीने वाफेवर चालणारा असा पट्टा उभारला. तोवर तिथे जहाजातलं धान्य मजूर पाठीवरून उतरवायचे. सांगलीच्या मार्केट यार्डात हमालांच्या पाठीवरची पोती बघत मी मोठा झालो, त्यामुळे या शोधाचं मोल मला कुणी समजावून द्यावं लागलं नाही. वाफेच्या जागी मोटर आली, लाकडी कोठारांच्या जागी काँक्रीट आलं, बादल्यांचा पट्टा मात्र टिकला.

त्या रात्री एक लेग देखभालीसाठी उघडलेला होता आणि दुसऱ्यावर मालगाडीची भरती चालू होती. सुपरवायझर म्हणाला, गाडी भरून होऊ दे, सकाळी बघू. गाडी अडकली की पैसे भरावे लागतात, हे मलाही कळत होतं. मी त्याला आठवड्याचे आकडे काढून दाखवले. पहिले पाच दिवस रोज साधारण एक अंश, आणि शेवटच्या दोन दिवसांत आठ. त्याने ते पाहिले आणि स्वतःच फोन करून भरती थांबवली.

तरीही लगेच बटण दाबता येत नव्हतं. आत धुमसत असेल, तर ते धान्य हलवणं म्हणजे धुळीने भरलेल्या लेगमध्ये निखारा चढवणं. डिसेंबर 1977 मध्ये लुईझियानातल्या वेस्टविगोच्या एलिव्हेटरमध्ये धुळीचा स्फोट होऊन 36 माणसं गेली. आम्ही दोघं छतावर गेलो, झाकणातून गॅसमीटरची नळी आत सोडली. कार्बन मोनॉक्साइड जवळजवळ नव्हता. म्हणजे आग नव्हती. ऑक्सिजन मात्र बराच उतरला होता. आमच्याकडे हरिपूरला हळद साठवायच्या जमिनीखालच्या पेवाचं तोंड उघडून बराच वेळ हवा जाऊ दिल्याशिवाय कुणी आत उतरत नसे, त्याचं कारण त्या मीटरवर दिसत होतं. काहीही झालं तरी बिनमध्ये कुणी उतरायचं नाही, हे तिथेच ठरलं.

मग तळाची गेट उघडली. बिन रिकामं होताना सगळं धान्य एकदम खाली सरकत नाही. गेटच्या थेट वरचा मधला भाग आधी निघतो, मग माथा मधोमध खचून आत येतो. भिंतीलगतचं तळाचं धान्य सगळ्यात शेवटी. म्हणजे बिघडलेला माल लवकरच येणार होता.

धान्याची प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरबाई पट्ट्याशी उभ्या राहून नमुने घेत होत्या. शंभर दाणे चिकटपट्टीवर घ्यायचे, रोलरने चिरडायचे, आतला रंग बघायचा. निरोगी दाणा आतून पिवळा. सुरुवातीला सगळं पिवळं होतं. मग करपट, खवट वास सुटला, आणि पट्टीवर तपकिरी दाणे दिसले. पहिल्या प्रतीच्या कॅनोलात तापलेले दाणे 0.1 टक्क्याहून जास्त चालत नाहीत. त्या एका पट्टीवरच चार-पाच होते. मी लगेच धान्य वेगळ्या लहान बिनकडे वळवलं. जाळीवर बुरशीने घट्ट झालेले गोळे अडकत होते, ते आम्ही लेग थांबवून पुन्हा पुन्हा काढत राहिलो.

पहाटेच्या सुमारास पट्ट्या परत पिवळ्या येऊ लागल्या. खराब निघालेला माल बिनच्या मानाने थोडा होता. तो खालच्या प्रतीत गेला. गाडीची भरती सकाळच्या पाळीने पुरी केली.

आता कॅनोलाचं बिन भरलं की आम्ही मधला भाग लगेच काढून घेतो. भरताना बारीक कचरा तिथेच गोळा होतो आणि हवा अडवतो. ते धान्य चाळून परत वर सोडतो, आणि माथ्यावरचा उंचवटाही त्याने उतरतो.