हात जोडायचे ते नदीला

दुपारी जेवून आडवं पडलं की डोळा लागेपर्यंत मोबाइलवर जुनी चित्रं बघत बसायचं, ही माझी खोड. परवा कॉटमन या इंग्रज चित्रकाराचं 'ग्रेटा ब्रिज' समोर आलं. १८०५ सालचं जलरंगातलं चित्र: एका कमानीचा दगडी पूल, खाली नदीत धोंडे. चित्रकाराचं कौतुक सगळेच करतात. पूल कोणाचा?

लहानपणी एसटी पुलावर आली की आजी कनवटीचं नाणं काढून माझ्या हातावर ठेवायची. "टाक, आणि नमस्कार कर." नाणं कधी कठड्यावर आपटून रस्त्यातच पडायचं, मग आजीचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. पण नमस्कार नदीला. पुलाला हात जोडलेले मी कुणी पाहिले नाहीत. पूल असतोच!

ग्रेटा नदीवरचा तो पूल जॉन कार या इंग्रज वास्तुकाराचा, १७७३चा. यॉर्कशायरमधल्या हॉर्बरीच्या पाथरवटाचा हा मुलगा, जन्म १७२३. लंडनला बिऱ्हाड न हलवता यॉर्कमध्येच मोठा झाला, दोनदा तिथला लॉर्ड मेयरही झाला. हेअरवुड हाउससारखे वाडे त्याने उठवले. त्या वाड्यामागचा पैसा वेस्ट इंडीजमधल्या साखरेचा, म्हणजे गुलामांच्या घामाचा. दगडाच्या देखणेपणावर बोलताना हे गिळून टाकता येत नाही.

मला मात्र त्याची दुसरी नोकरी जास्त आवडते. १७६० पासून यॉर्कशायरच्या वेस्ट रायडिंग या भागातल्या आणि पुढे नॉर्थ रायडिंग भागातल्या सरकारी पुलांची देखभाल त्याच्याकडे होती. कुठे कमान खचलीय, कुठे पुराने पाया उघडा पडलाय, कुठे रुंदी वाढवायचीय. उमरावांचे वाडे बांधणारा माणूस असल्या कामात वर्षानुवर्षं रमला, याचंच मला अप्रूप. गाठीला पैसा जमल्यावर हॉर्बरीत त्याने पदरच्या खर्चाने चर्च बांधलं. १८०७ साली गेला तेव्हा तिथेच पुरला गेला.

आणि पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरातलं सांतो आंतोनियो इस्पितळ! त्याचा आराखडा कारचा, पण जागेवर तो कधी गेलाच नाही. काम इतकं अवाढव्य की पुरं झालंच नाही. जेवढं झालं त्यात आजही इस्पितळ चालतं. तिथे हातात केसपेपर धरून नंबराची वाट बघत बसलेल्याने वास्तुकाराची चौकशी का करावी? मीसुद्धा आधी डॉक्टर आलेत का, तेच विचारलं असतं.