गॅलरीतला ब्रोकोलीचा गड्डा

नेरुळच्या आमच्या गॅलरीत यंदा ब्रोकोली लावली. दसऱ्याला बी पेरलं, दिवाळीनंतर रोपं १२ इंची कुंड्यांत हलवली. इथली थंडी मोजकीच. डिसेंबर-जानेवारी हुकला की गड्डा नीट धरत नाही.

अळ्यांनी फार छळलं. पानाच्या पाठीमागे, शिरेला चिकटून, अगदी पानाच्याच रंगाची अळी! रोज चहाआधी पानं उलटून वेचायचे, आठवड्याला निंबोळी तेल फवारायचे. जानेवारीत मधोमध बटणाएवढा गड्डा दिसला, तेव्हा आईला हाक मारून दाखवला.

मुठीपेक्षा जरा मोठा झाल्यावर, कळ्या घट्ट असतानाच कापला. पिवळी फुलं उमलली की चव जाते. झाड उपटलं नाही. पानांच्या बेचक्यांतून आता छोटे तुरे येताहेत. आईने लसूण-मिरचीवर भाजी परतली, देठही सोलून त्यातच घातले.